पॅकिंगसाठी महिला पाहिजेत

पिरंगुट, चाकण, वाळूज, बुटीबोरी, तळोजा. राज्यातल्या कोणत्याही औद्योगिक पट्ट्यात विजेच्या खांबांवर आणि टपऱ्यांच्या फळ्यांवर एक कागद चिकटवलेला दिसतो: ‘पॅकिंगसाठी महिला पाहिजेत’. खाली मोबाइल नंबर. शिक्षणाची अट नाही, अनुभवाची नाही. नंबर बहुधा कंपनीचा नसतो, माणसं पुरवणाऱ्या ठेकेदाराचा असतो. आजूबाजूच्या गावांतल्या बायका आणि नुकत्याच बारावी झालेल्या मुली त्या नंबरावर फोन करतात आणि एक-दोन दिवसांत ‘कंपनीत’ जायला लागतात. घराजवळचं, सावलीतलं, बसून करायचं काम म्हणून घरचेही हरकत घेत नाहीत.

हे काम हलकं आहे, अशी सगळ्यांची समजूत आहे. मालकाची, ठेकेदाराची, घरच्यांची आणि पुष्कळदा ते करणाऱ्या बाईचीही. महाराष्ट्रातल्या कारखान्यांत अलीकडे लागलेल्या आगी आणि झालेले स्फोट एकापुढे एक ठेवून पाहिले, की ही समजूत किती जणींच्या जिवावर बेतली ते कळतं.

७ जून २०२१. मुळशी तालुक्यातल्या उरवडे गावच्या हद्दीत, पाणी शुद्ध करण्यासाठी लागणारं क्लोरिन डायऑक्साइड तयार करणाऱ्या एसव्हीएस ॲक्वा टेक्नॉलॉजीज या कंपनीत दुपारी आग लागली. करोनाच्या दुसऱ्या लाटेचे ते दिवस होते आणि जंतुनाशक मालाला मोठी मागणी होती. आत पोहोचण्यासाठी जेसीबीने भिंत फोडावी लागली. १७ कामगार गेले, त्यांत १५ महिला. देह इतके जळाले होते की ओळख पटवण्यासाठी डीएनए चाचणी करावी लागली.

८ डिसेंबर २०२३. पिंपरी-चिंचवडमधल्या तळवड्यात, वाढदिवसाच्या केकवर लावतात त्या ठिणग्या उडवणाऱ्या मेणबत्त्या तयार होत होत्या. परवान्याविना चाललेल्या त्या शेडमध्ये भडका उडाला. सहा जणी त्याच दिवशी गेल्या. पुढच्या काही आठवड्यांत रुग्णालयातून एकेक बातमी येत राहिली आणि मृतांचा आकडा दहाच्या पुढे गेला. त्यांत बहुसंख्य महिलाच होत्या.

त्यानंतर नवव्या दिवशी, १७ डिसेंबरला, नागपूरजवळच्या बाजारगावात सोलर इंडस्ट्रीजच्या स्फोटकांच्या कारखान्यात स्फोट झाला. नऊ मृत, त्यांत सहा महिला. स्फोट झाला तेव्हा कास्ट बूस्टरचं पॅकिंग चालू होतं. १३ जून २०२४ रोजी नागपूरजवळच्याच धामणा गावात चामुंडी एक्सप्लोझिव्हजमध्ये तसंच घडलं. तिथेही स्फोट पॅकिंग विभागात झाला. सुरुवातीला हाती आलेल्या सहा मृतांच्या यादीत पाच महिला होत्या आणि त्या पाचांपैकी तिघींचं वय वीस ते बावीसच्या दरम्यान होतं.

चार ठिकाणं, चार वेगळे माल. एक कारखाना बेकायदा, एक परवानाधारक आणि देशभर नाव असलेला, बाकीचे मधले. तरी मृतांच्या याद्या एकसारख्या दिसतात, आणि हा योगायोग नाही.

रसायनाच्या किंवा स्फोटकांच्या कारखान्यात जिथे मूळ माल तयार होतो तिथे माणसं कमी असतात. रिॲक्टरपाशी दोन-चार प्रशिक्षित ऑपरेटर असतात. त्यांना सेफ्टी शूज मिळतात, मास्क मिळतो, भिंतीवर सूचनांचा तक्ता असतो. तिथून माल पुढे सरकतो तो भरायला, मोजायला, पुड्या बांधायला, लेबल लावायला. पॅकिंगच्या टेबलांभोवती माणसं दाटीवाटीने बसतात, कारण हे हातांचं काम आहे आणि जितके हात तितका माल उरकतो. तयार झालेला, म्हणजे सर्वांत जहाल असा माल तिथेच साठतो. त्याच खोलीत प्लास्टिकच्या पिशव्या, पुठ्ठ्याचे खोके, थर्माकोल आणि चिकटपट्ट्या असतात. पिशवी बंद करायला तापलेल्या पट्टीचं सीलिंग यंत्र असतं. कोरड्या हवेत प्लास्टिकवर प्लास्टिक घासून स्थिर वीज तयार होते आणि एका ठिणगीचं निमित्त पुरतं. धोका केवळ पदार्थात नसतो. त्या पदार्थाजवळ किती माणसं आहेत आणि त्यांना बाहेर पडायला किती वेळ मिळतो यावर मृतांचा आकडा ठरतो. या हिशेबाने संपूर्ण कारखान्यातली सर्वांत धोक्याची जागा पुष्कळदा पॅकिंगची शेड असते. मजुरी मात्र तिथे सर्वांत कमी, प्रशिक्षण जवळजवळ नाहीच, आणि हजेरी ठेकेदाराच्या वहीत.

स्फोटकांच्या कारखान्यांना हे तत्त्व कागदावर तरी माहीत आहे. तिथल्या प्रत्येक इमारतीत एका वेळी जास्तीत जास्त किती माणसं आणि किती किलो माल असावा याची मर्यादा ठरलेली असते आणि ती दारावर लिहावी लागते. हीच शिस्त जंतुनाशकं, सॉल्व्हंट, परफ्यूम, रंग आणि फुलबाज्यांच्या मेणबत्त्या भरणाऱ्या शेडना का नसावी? ज्वालाग्राही किंवा स्वतःहून पेट घेऊ शकणारा माल जिथे भरला जातो ती खोली घातक प्रक्रियेचाच भाग आहे, असं कायद्याने आणि तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्याने मानलं पाहिजे. ‘प्लांट’ वेगळा आणि ‘पॅकिंग’ वेगळं ही फोड मालकाच्या सोयीची आहे. आग ती फोड मानत नाही.

जगाने हा धडा फार पूर्वी गिरवला आहे. २५ मार्च १९११ रोजी न्यूयॉर्कमध्ये ट्रँगल शर्टवेस्ट या कपड्यांच्या कारखान्याला आग लागली. १४६ मृतांपैकी १२३ महिला आणि मुली होत्या, आणि सर्वांत लहान मुली चौदा वर्षांच्या. माल चोरीला जाऊ नये म्हणून एक दार कुलूपबंद ठेवलं होतं. आगीतून उतरायचा लोखंडी जिना भाराने कोसळला. लोक खिडक्यांतून उड्या टाकत होते तेव्हा खाली रस्त्यावर फ्रान्सिस पर्किन्स नावाची एक तरुणी उभी होती. ती त्यानंतर कारखान्यांच्या चौकशीच्या कामात पडली आणि १९३३ मध्ये अमेरिकेची कामगारमंत्री झाली; त्या देशाच्या मंत्रिमंडळातली ती पहिली महिला. न्यूयॉर्क राज्याने चौकशी आयोग नेमला, आयोगाची माणसं स्वतः कारखान्यांत फिरली, आणि दारं, जिने, गर्दी, कामाचे तास यांवर एकामागून एक कायदे झाले.

तरीही १९९३ मध्ये थायलंडमध्ये केडर या खेळण्यांच्या कारखान्याच्या आगीत १८८ कामगार मेले. त्यांतही दीडशेहून अधिक तरुण मुली आणि बायका होत्या, आणि तिथेही दारं बंद होती. उरवड्याच्या आगीनंतर महिनाभरातच, ८ जुलै २०२१ रोजी, बांगलादेशात नारायणगंज जिल्ह्यातल्या रूपगंज इथे हाशेम फूड्सच्या इमारतीला आग लागली. पन्नासहून अधिक मृत्यू, कुलूपबंद वाट, आणि मृतांत कोवळ्या वयाची मुलं. देश बदलतो, माल बदलतो. बंद दाराआड कोण बसलेलं असतं, ते बदलत नाही.

कामगारांच्या सुरक्षेसाठीच्या झगड्याचा मुंबईलाही जुना इतिहास आहे आणि त्यात अभिमान वाटावा असं पुष्कळ आहे. १८८१ साली हिंदुस्थानात पहिला फॅक्टरी कायदा झाला तेव्हा त्याने सात वर्षांच्या आतल्या मुलांना कारखान्यात मनाई केली आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांना रोज नऊ तासांची मर्यादा घातली. म्हणजे आठ वर्षांचं पोर नऊ तास गिरणीत राबलं तर ते कायदेशीर होतं. बायकांच्या तासांबद्दल त्यात काहीच नव्हतं. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये हजारो गिरणी कामगारांच्या सह्यांचं निवेदन दिलं. त्यात रविवारची सुट्टी, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती, वेळेवर पगार यांबरोबर कामावर इजा झाल्यास भरपाई हीही मागणी होती. एप्रिल १८९० मध्ये महालक्ष्मीच्या मैदानावर कामगारांची प्रचंड सभा भरली आणि त्या सभेत दोन गिरणी कामगार स्त्रिया बोलायला उभ्या राहिल्या. १८९० च्या मुंबईत, हजारो पुरुषांपुढे! त्याच वर्षी जूनमध्ये साप्ताहिक सुट्टी मिळाली. पुढच्या वर्षी कायदा सुधारला, मुलांचं किमान वय नऊ झालं आणि बायकांच्या कामाला अकरा तासांची मर्यादा आली.

तेव्हापासून कायद्याला एक सवय पडली. बाईला सुरक्षित ठेवायचं म्हणजे तिला एखाद्या वेळेपासून किंवा यंत्रापासून दूर ठेवायचं. १९४८ च्या कारखाने कायद्यातही संध्याकाळी सातनंतर महिलांना मनाई होती, चालू यंत्राची साफसफाई आणि तेलपाणी त्यांना आणि अल्पवयीन कामगारांना बंद होतं, काही धोकादायक कामांत त्यांना घ्यायचंच नाही असे नियम होते. त्यातल्या काही तरतुदींनी हात-पाय वाचवले, हे खरं. पण मनाईच्या यादीत पॅकिंग कधी आलं नाही, आणि ते यायलाही नको होतं, कारण त्या मजुरीवर हजारो घरं चालतात. मनाईने काम सुरक्षित होत नाही, फक्त बाईची कमाई जाते किंवा ती चोरून, नोंदीविना काम करते.

आता उलटी दिशा आहे. व्यवसाय सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० ही इतर तीन कामगार संहितांसह २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिने महिलांना सर्व प्रकारच्या कामांत आणि त्यांची संमती असेल तर रात्रपाळीतही वाव दिला. नियुक्तिपत्र सक्तीचं केलं, आरोग्य तपासणीची तरतूद केली. यांतलं नियुक्तिपत्र फार मोलाचं आहे. ठेकेदाराच्या वहीतलं नाव आणि हातातलं पत्र यांत किती अंतर असतं, ते अपघातानंतर नुकसानभरपाईच्या दारात उभ्या राहिलेल्या कुटुंबाला विचारावं.

पण याच संहितेने ‘कारखाना’ कशाला म्हणायचं त्याचा उंबरठा वाढवला. विजेवर चालणाऱ्या ठिकाणी १९४८ चा मूळ कारखाने कायदा दहा कामगारांपासून लागत असे, आता वीसपासून. विजेविना चालणाऱ्या ठिकाणी वीसचे चाळीस झाले. दहा कामगारांच्या आस्थापनांना सुरक्षेची सर्वसाधारण कर्तव्यं लागू आहेत, पण कारखान्यासाठीची खास चौकट वीसपासून सुरू होते. घातक प्रक्रियेच्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी नेमण्याची सक्ती तर २५० कामगारांपासून आहे. उरवड्याच्या कंपनीत आग लागली तेव्हा तीस-चाळीस माणसं कामावर होती. तळवड्याची शेड त्याहूनही लहान होती. ज्या आकाराच्या जागांत बायका जळून मेल्या, त्याच आकाराच्या जागा या उंबरठ्याच्या आसपास किंवा त्याखाली राहतात.

तपासणीचंही असंच आहे. निरीक्षक आता ‘निरीक्षक-तथा-सुविधाकर्ता’ झाला आहे, तपासणी संगणकाने निवडलेल्या ठिकाणी होणार, आणि मालकाच्या स्वयंप्रमाणनावर भर आहे. इन्स्पेक्टरच्या नावाखाली होणारी पिळवणूक थांबावी या हेतूला कुणाचा विरोध असायचं कारण नाही. पण ज्वालाग्राही माल जिथे भरला जातो तिथे स्वयंप्रमाणन म्हणजे कामगारांचे जीव कागदाच्या हवाली करणं आहे. कराचीतल्या अली एंटरप्रायझेस या कपड्यांच्या कारखान्याला सप्टेंबर २०१२ मध्ये आग लागली आणि अडीचशेहून अधिक कामगार मेले. त्या कारखान्याला अवघ्या काही आठवड्यांपूर्वी ‘एसए ८०००’ हे सामाजिक जबाबदारीचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळालं होतं. खिडक्यांना तेव्हाही गज होते.

काय केलं की फरक पडतो, हेही शेजारीच पाहायला मिळतं. एप्रिल २०१३ मध्ये ढाक्याजवळ राणा प्लाझा ही कपड्यांच्या कारखान्यांची इमारत कोसळून अकराशेहून अधिक कामगार गेले, त्यांतही बहुसंख्य तरुण बायका. त्यानंतर आंतरराष्ट्रीय कपडे कंपन्या आणि कामगार संघटना यांच्यात ‘अकॉर्ड’ नावाचा करार झाला. करार न्यायालयात बजावता येईल असा होता, हे त्यातलं मुख्य. स्वतंत्र अभियंते दीड हजारांहून अधिक कारखान्यांत शिरले, अहवाल उघड केले, कुलूप लावता येतील असे दरवाजे काढायला लावले, आगीच्या वेळी आतून ढकलताच उघडतील अशी दारं बसवून घेतली, कामगारांना थेट तक्रार करता येईल अशी सोय केली. जो कारखाना सुधारला नाही त्याच्याकडून माल घेणं बंद. या कामाला खर्च आला, पण उद्योग बुडाला नाही. बांगलादेश आजही जगातल्या मोठ्या कपडे निर्यातदारांत आहे.

महाराष्ट्रातला छोटा उद्योजक म्हणेल, एवढं करायला पैसा कुठून आणायचा? प्रश्न प्रामाणिक आहे. पण इथे मागणी काय आहे ते नीट पाहावं. पॅकिंगच्या खोलीला विरुद्ध बाजूंना दोन दारं, दोन्ही बाहेर उघडणारी, कामाच्या वेळेत कधीही कुलूप नाही. तयार माल त्याच खोलीत न साठवता ठरावीक वेळाने वेगळ्या गोदामात. एका वेळी खोलीत किती माणसं आणि किती माल, त्याचा आकडा दारावर. दर महिन्याला पाच मिनिटांची बाहेर पडण्याची तालीम. नवी मुलगी कामाला लागली की पहिल्या दिवशी तिला पेटलं तर कुठून पळायचं, कशावर पाणी टाकायचं नाही, हे मराठीत आणि हिंदीत सांगणं. यातल्या बहुतेक गोष्टींना गवंड्याचे दोन दिवस आणि मालकाची इच्छा एवढंच लागतं.

नव्या मुलीचा मुद्दा जरा थांबून पाहण्यासारखा आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०१८ मध्ये दिलेल्या माहितीनुसार १५ ते २४ वयोगटातल्या कामगारांना कामावर इजा होण्याचं प्रमाण त्यांच्याहून मोठ्या कामगारांच्या तुलनेत ४० टक्क्यांपर्यंत अधिक असतं. कारण सोपं आहे. त्यांना धोका ओळखता येत नाही, आणि ओळखला तरी बोलायची हिंमत होत नाही. पहिली नोकरी, पहिला पगार, सुपरवायझर वडिलांच्या वयाचा. ‘वास उग्र येतोय, डोळे चुरचुरतात’ असं सांगितलं तर उद्यापासून येऊ नकोस म्हणतील ही भीती. १४ ते १८ वर्षांच्या मुलांना खाणीत, ज्वालाग्राही पदार्थ व स्फोटकांच्या कामात आणि घातक प्रक्रियेत घ्यायला २०१६ च्या दुरुस्तीनंतर कायद्याने बंदी आहे. पण अठरा पूर्ण झाल्याच्या दुसऱ्या दिवशी तीच मुलगी, काहीही न शिकता, त्याच कामाला कायदेशीरपणे लायक ठरते. पहिले काही महिने तिला अनुभवी बाईच्या शेजारी बसवावं आणि मालाच्या साठ्यापासून दूर ठेवावं, एवढी तरतूद राज्याच्या नियमांत सहज करता येईल. आणि बंदी असूनही मुलं अशा जागी सापडतातच. १ एप्रिल २०२५ रोजी गुजरातमधल्या डीसा इथे फटाक्यांच्या गोदामात स्फोट होऊन २१ जण मेले. ते मध्य प्रदेशातून आलेले मजूर होते आणि मृतांत मुलंही होती. आई-बापाबरोबर कामाच्या जागी राहणारं मूल कोणत्याच हजेरीत नसतं.

आगीत जीव जातो तेव्हा बातमी होते. रोजच्या कामात जे झिजतं त्याची होत नाही. पुष्कळ छोट्या शेडमध्ये बायकांसाठी वेगळं स्वच्छतागृह नसतं किंवा असलं तर त्याला कडी नसते, म्हणून त्या दिवसभर पाणी पीत नाहीत आणि मूत्रमार्गाच्या संसर्गाने बेजार होतात. सॉल्व्हंटच्या वाफेत आठ-आठ तास बसणाऱ्या गरोदर बाईला ही वाफ पोटातल्या बाळाला बाधू शकते हे कुणी सांगत नाही. तिने सांगितलं तर बिनवासाचं दुसरं काम देण्याऐवजी तिला घरी बसवतात, म्हणून ती सांगतच नाही. हातमोजे आणि मास्क पुरुषांच्या मापाचे येतात. ढिला मास्क वाफ अडवत नाही, मोठा हातमोजा सीलिंग यंत्रात अडकतो, म्हणून बायका तो काढून ठेवतात आणि मग ‘यांनाच वापरायला नको असतं’ असा ठपका बसतो. अंगावर घरचीच नायलॉनची साडी किंवा पॉलिएस्टरचा ड्रेस असतो. तो स्थिर वीज धरतो आणि पेटला की वितळून कातडीला चिकटतो. स्फोटकांच्या कारखान्यांत सुती कपड्यांचा आग्रह त्याचसाठी असतो. सुती गणवेश, मापाचे हातमोजे आणि केस बांधायला टोपी ही मालकाने द्यायची वस्तू आहे, बाईने आणायची नव्हे. त्यात भर म्हणजे, राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये कारखान्यांतली रोजच्या कामाची मर्यादा नऊवरून बारा तासांपर्यंत नेण्याचा निर्णय घेतला. कामगाराच्या संमतीची अट त्याला आहे; पण ठेकेदाराकडून आलेल्या बाईची संमती कोण आणि कशी घेणार? दहाव्या-अकराव्या तासाला हात थकतात, लक्ष उडतं, आणि वाफेचा मारा तर तासागणिक वाढतच जातो.

अपघातानंतर काय होतं, तेही माहीत असायला हवं. उरवड्याच्या मृतांच्या वारसांना राज्याकडून पाच लाख आणि पंतप्रधान निधीतून दोन लाख जाहीर झाले. मदत झाली ते योग्यच. मात्र जाहीर झालेली मदत म्हणजेच भरपाई, असं बहुतेक कुटुंबं धरून चालतात. ते तसं नाही. कर्मचारी राज्य विमा योजनेत असलेल्या कामगाराच्या मृत्यूनंतर वारसांना तिच्या वेतनाच्या ९० टक्के दराने दरमहा लाभ मिळतो. या योजनेत नसलेल्या कामगारासाठी भरपाईचं सूत्र ठरलेलं आहे, आणि जुन्या कायद्यातलं ते सूत्र नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आहे: मासिक वेतनाच्या निम्मी रक्कम गुणिले वयानुसार ठरलेला घटक. वीस वर्षांच्या कामगारासाठी हा घटक २२४ आहे. दरमहा नऊ हजार मिळवणाऱ्या वीस वर्षांच्या मुलीचा जीव गेला तर तिच्या घरच्यांचा हक्क १० लाख ८ हजार रुपयांचा होतो, सरकारी मदतीखेरीज. चाळीस वर्षांच्या बाईसाठी घटक १८४.१७, म्हणजे सुमारे ८ लाख २९ हजार. हा पैसा उपकार म्हणून येत नाही, मागून घ्यावा लागतो. आणि मागण्यासाठी ती तिथे कामाला होती, किती पगारावर होती, हे सिद्ध करावं लागतं. म्हणून विम्याच्या कार्डाचा आणि पगाराच्या पावतीचा आग्रह कामाच्या पहिल्याच आठवड्यात धरावा.

सरकारच्या हातात आजच्या घडीला बरंच आहे. घातक किंवा जिवाला धोका असलेलं काम एकाच कामगाराच्या बळावर चालत असलं तरी अधिसूचना काढून त्याला संहितेखाली आणता येतं. त्या यादीत ज्वालाग्राही द्रव भरणं, जंतुनाशकांचं पॅकिंग, फुलबाजीच्या मेणबत्त्या आणि शोभेची दारू, स्फोटकांचं पॅकिंग ही कामं नावानिशी यावीत. राज्याचे नियम करताना पॅकिंगच्या खोलीत माणसांची आणि मालाची कमाल मर्यादा घालावी. अशा जागी वर्षातून एकदा तरी न कळवता प्रत्यक्ष तपासणी व्हावी आणि ती करणाऱ्या पथकात महिला अधिकारी असावी, कारण कडी नसलेल्या दाराबद्दल बाई तिच्याशीच बोलेल. ठेकेदाराने पाठवलेल्या प्रत्येकीचं नाव त्याच दिवशी मूळ कंपनीच्या नोंदीत चढावं. दुर्घटनेच्या रात्री आत नेमकी किती माणसं होती हे नातेवाइकांना विचारत बसायची वेळ येऊ नये.

आणि एक वाट गावाच्या हातात आहे. या शेड पुष्कळदा ग्रामपंचायतीच्या हद्दीत उभ्या राहतात, पंचायत त्यांच्याकडून कर घेते. भोपाळच्या वायुकांडानंतर १९८७ मध्ये कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली. घातक प्रक्रिया करणाऱ्या मालकाने धोक्यांची माहिती कामगारांना, मुख्य निरीक्षकाला, स्थानिक स्वराज्य संस्थेला आणि आसपासच्या जनतेलाही दिली पाहिजे, असं बंधन तिने घातलं, आणि नव्या संहितेने ते कायम ठेवलं आहे. महाराष्ट्रात ग्रामसभेआधी महिलांची वेगळी ग्रामसभा घ्यायची तरतूद आहे. गावातल्या बायका ज्या ज्या शेडमध्ये कामाला जातात तिथे कोणता माल आहे, तो पेटला तर कशाने विझतो, दारं किती, शेवटची तपासणी कधी झाली, हे प्रश्न त्या सभेत ठरावाच्या रूपाने मांडता येतात. घातक प्रक्रिया असेल तर धोक्यांची माहिती देणं मालकाच्या मर्जीवर सोडलेलं नाही, आणि उत्तर आलं नाही तर तोच ठराव औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे तक्रार म्हणून पाठवता येतो.